झोपडीत मूल कुठे झोपते? : एका वाङ्मयप्रकाराची तपासणी

साध्या राहणीवरचे लेखन मराठी वाचकाला नवे नाही. दुर्गाबाई भागवतांनी थोरोचे पुस्तक ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने मराठीत आणले. सेवाग्रामच्या कुटीवर तर लेखांची रासच आहे. साधनाताई आमट्यांचे ‘समिधा’ आणि डॉ. प्रकाश आमट्यांचे ‘प्रकाशवाटा’ ही पुस्तके घराघरांत पोचली. या सगळ्या लेखनात झोपडी येते. तिचे छप्पर, तिच्या भिंती, तिथला अंधार, तिथली शांतता, सारे येते. हे लेखन अनेक वर्षे वाचत असताना मी एका प्रश्नाचे उत्तर शोधत आलो आहे, आणि ते फार कमी ठिकाणी सापडते. या झोपडीत मूल कुठे झोपते?

प्रश्न केवळ वाङ्मयीन असता तर मी त्यावर लेख लिहिला नसता. माझ्या ओळखीतल्या एका बाईंना कोराडीजवळच्या आपल्या लहानशा शेतात वीजजोडणी न घेता दोन माणसांपुरते घर बांधायचे आहे. दोन माणसे म्हणजे त्या आणि त्यांचा आठ वर्षांचा मुलगा. मी झोपड्यांवरची पुस्तके जमवतो हे ठाऊक असल्याने त्यांनी विचारले, “यातलं कोणतं पुस्तक मला उपयोगी पडेल?” त्या दृष्टीने मी ही पुस्तके पुन्हा वाचायला घेतली, आणि त्यांचा क्रम माझ्या मनात बदलला.

सुरुवात थोरोपासून करू. वॉल्डन तळ्याकाठचे त्याचे घर दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब होते. खर्च आला 28 डॉलर आणि साडेबारा सेंट. हिशेबाचा तक्ता त्याने पुस्तकातच दिला आहे. 4 जुलै 1845 रोजी तो तिथे राहायला गेला आणि दोन वर्षे, दोन महिने, दोन दिवस राहिला. घरात तीन खुर्च्या होत्या. कॉन्कर्ड गाव दीड-दोन मैलांवर होते आणि आईवडिलांचे घर त्याच गावात. थोरो मधूनमधून आईच्या हातचे जेवायला जात असे, यावरून त्याची पुष्कळ थट्टा झाली आहे. मला ती थट्टा पटत नाही. पण त्यातून एक गोष्ट निश्चित कळते. झोपडी लहान राहू शकली, कारण तिच्या बाहेर एक मोठे घर आणि एक आख्खे गाव होते. आजारपण, सणवार, धुणे, उसनवारी यांच्यासाठी लागणारी जागा पंधरा फुटांच्या आत मावली नव्हती, ती गावात होती. थोरोच्या तक्त्यात या जागेचा खर्च धरलेला नाही.

पुण्यातल्या बुधवार पेठेत विजेशिवाय राहिलेल्या वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासक डॉ. हेमा साने यांचे उदाहरण आपल्याकडे आदराने सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. पण तिथेही निर्णय घेणारे आणि त्याचे परिणाम सोसणारे माणूस एकच होते. एकट्या प्रौढाने स्वतःपुरता ठरवलेला साधेपणा ही एक गोष्ट. त्याच साधेपणात, ज्याने काहीच ठरवलेले नाही असे मूल वाढवणे ही दुसरी. आपल्या झोपडी-वाङ्मयाने या दोन गोष्टी बहुतेक वेळा एकत्र कालवल्या आहेत.

आता सेवाग्राम. गांधीजी 30 एप्रिल 1936 रोजी सेगावला आले. 1940 मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. आश्रमातली पहिली वास्तू आदिनिवास. आज आपण जिला बापूकुटी म्हणतो ती मुळात मीराबेनची कुटी, तिथे गांधीजी नंतर राहायला गेले. स्थानिक माती, बांबू, बल्ल्या, कवेलू, स्थानिक कारागीर आणि कमीत कमी खर्च अशी त्यांची अट होती. जानेवारी 1978 मध्ये सेवाग्रामला भरलेल्या एका परिषदेत इव्हान इलिच या विचारवंताने बापूकुटीवर भाषण केले. ते पुढे अनेक भाषांत गेले. या वास्तूवरचे सर्वांत तीक्ष्ण वाचन मी त्यालाच म्हणेन. इलिच कुटीत नुसता बसून राहिला आणि त्याने तिथल्या जागा मोजल्या. त्याला सात प्रकारच्या जागा दिसल्या. पादत्राणे काढून मन आवरण्याची जागा, मधली मोठी खोली, गांधीजींची बसण्या-काम करण्याची जागा, पाहुण्याची, आजाऱ्याची, उघडी पडवी आणि न्हाणीघर. वस्तूंनी भरलेले घर माणसाला पंगू करते आणि या कुटीतली माणसे मोकळी राहतात, असे त्याचे म्हणणे.

या मोजणीत आजाऱ्याची जागा आहे हे मला फार मोलाचे वाटते. साधेपणावर लिहिणारे बहुतेक जण आजार विसरतात. पण मुलाची जागा सातांत नाही. मधली खोली मोठ्या कुटुंबालाही पुरेल एवढी आहे असे इलिच जाता जाता म्हणतो आणि पुढे जातो. कुटीला एक आख्खा आश्रम लागून होता, स्वयंपाकघर, गोठा, शुश्रूषा करणारी माणसे, हेही त्याच्या मोजणीबाहेर राहते. एवढेच कशाला, या कुटीत वीज नव्हती तरी व्हाइसरॉय लिनलिथगोच्या सोयीसाठी बसवलेला टेलिफोन होता. त्याची पेटी आजही पाहायला मिळते. ‘जाळ्याबाहेरचे’ घर म्हणून आपण जिच्याकडे पाहतो, त्या कुटीतून एक तार बाहेर जात होती.

इलिचच्या वाचनाला खरे उत्तर त्याच आवारात उभे आहे. ते म्हणजे बा कुटी. आदिनिवासात सगळ्यांनी एकत्र राहायचे, त्यात कस्तुरबांना आडोसा मिळेना. ही अडचण ओळखून जमनालाल बजाजांनी त्यांच्यासाठी वेगळी कुटी बांधून घेतली. सेवाग्रामला जाणारा प्रवासी बापूकुटीत डोळे मिटून बसतो आणि बा कुटीवरून दोन मिनिटांत पुढे सरकतो. स्थापत्याच्या दृष्टीने मला बा कुटी जास्त बोलकी वाटते. एका माणसाच्या तत्त्वावर उभी राहिलेली वास्तू दुसऱ्या माणसाला पुरत नाही, हे तिने भिंत घालून सांगितले आहे. मुलासाठी घर आखणाऱ्याने धडा घ्यावा तो इथून.

वऱ्हाड-चंद्रपूर पट्ट्यातली पुढची दोन पुस्तके या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जातात. 1951 मध्ये बाबा आमटे वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी माळावर राहायला गेले तेव्हा सोबत साधनाताई, दोन लहान मुलगे, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये होते. हा तपशील इतक्यांदा सांगितला गेला आहे की त्यातले ‘दोन लहान मुलगे’ हे शब्द आता गाय आणि कुत्रा यांच्या ओळीत बसून गेले आहेत. विकास थोरले, प्रकाश त्याहून लहान. ‘समिधा’चे महत्त्व हे की त्या माळाची हकिकत आईने सांगितली आहे. ध्येयाची भाषा बाबांकडे होती. चूल कुठे मांडायची आणि मुलांना कुठे निजवायचे हे मात्र कुणाला तरी रोज ठरवावे लागत होते.

त्या माळावरचे धाकटे मूल 1973 मध्ये भामरागडच्या जंगलात हेमलकसाला गेले, डॉक्टर होऊन, डॉक्टर पत्नीसह. तिथे सतरा वर्षे वीज नव्हती. म्हणजे ‘प्रकाशवाटा’चा लेखक हा झोपडीतले मूल आणि झोपडीतला बाप अशा दोन्ही जागा जगलेला माणूस आहे. मराठीत असा दुसरा साक्षीदार मला माहीत नाही. म्हणून त्या पुस्तकातल्या वीज नसण्याच्या हकिकतींपेक्षा मला एक कोरडा तपशील अधिक महत्त्वाचा वाटतो. 1976 मध्ये तिथे शाळा सुरू झाली, आणि आमट्यांची मुले माडिया मुलांबरोबर त्याच शाळेत शिकली. झोपडीत वाढलेल्या माणसाने आपल्या मुलांसाठी शोधले ते इतर मुलांचे शेजारपण. एकांताची महती तिथे नाही. पुढे ती मुले मोठी होऊन हेमलकशाच्या कामात परतली, हा त्यागाचा विजय म्हणून सांगितला जातो. मी तो वेगळ्या रीतीने वाचतो. शाळा, दवाखाना आणि सवंगडी हाकेच्या अंतरावर होते म्हणून ती झोपडी मुलांना कोंडवाडा वाटली नसावी.

या वाचनाचा निष्कर्ष सरळ आहे. झोपडीची परीक्षा तिने काय काय सोडले यावर घेऊ नये. तिथे राहणाऱ्या, पण काहीही सोडण्याचे न ठरवलेल्या माणसाला ती कशी वाटते, यावर घ्यावी.

ही कसोटी कोराडीला लावली की अनेक गोष्टी उलट्या होतात. नागपूरच्या उत्तरेला असलेल्या या गावात जगदंबेचे देऊळ आहे आणि औष्णिक विद्युत केंद्र. पहिला संच 1974 मध्ये सुरू झाला, आणि आज 660 मेगावॅटचे तीन मोठे संच इथे उभे आहेत. वीजजाळ्याबाहेर राहायचे म्हणजे सहसा दूर जायचे. इथे जाळे सुरू होते तिथेच बसून त्याच्याबाहेर राहायचे आहे. गांधीजींची स्थानिक साहित्याची अट इथे प्रामाणिकपणे लावली तर भिंतीसाठी हाताशी येते ती राखेची वीट. तिच्यात सेवाग्रामच्या मातीचे सौंदर्य नाही. पण लॉरी बेकरने रुळवलेल्या पद्धतीने विटा उभ्या आडव्या रचून मध्ये पोकळी ठेवली तर सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतली हवा ऊन अडवते. छपरासाठी कवेलू उत्तम, पण वानरे ते फोडतात आणि दर पावसाळ्याआधी फेरावे लागतात. एकट्या आईने छपरावर चढायचे का, हा प्रश्न सौंदर्यशास्त्रात येत नाही, घरात येतो. वर्ध्याजवळ दत्तपूरच्या ‘सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस’ने मातीच्या शंकूंसारख्या नळ्या एकात एक गुंफून उभारलेली कमानदार छते या ठिकाणी विचारात घेण्याजोगी आहेत.

पाण्याचा हिशेब अधिक कठोर आहे. तीनशे चौरस फुटांच्या छपरावर हजार मिलिमीटर पाऊस धरला तर गळती वजा जाता बावीस हजार लिटर पाणी मिळते. दोघांना रोज शंभर लिटर लागले तर ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांसाठी चोवीस हजार लिटरची टाकी हवी. ती घरापेक्षा महाग पडेल. केवळ पिण्या-स्वयंपाकासाठी रोज दहा लिटर धरले तर चोवीसशे लिटरवर भागते. मात्र जिथे राख उडते, तिथे पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे लागते आणि साठवलेले तपासून घ्यावे लागते. 2022 च्या जुलैत जवळच्या खसाळ्याच्या राख-तलावाचा बांध फुटून राखेचे पाणी शेतांत आणि नाल्यात शिरले होते. या परिसरात ‘निसर्गाच्या कुशीत’ हा शब्दप्रयोग जपून वापरावा.

विजेचे गणित साधे दिसते. पाच वॅटचे तीन दिवे पाच तास म्हणजे 75 वॅट-तास. अठ्ठावीस वॅटचा पंखा दहा तास, 280. फोन वीस. एकूण पावणेचारशे. दीडशे वॅटचे एक सौर पॅनेल आणि बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-तासांची बॅटरी यांवर हे निभते. पॅनेलवरची राख पुसायची तेवढी आठवण ठेवावी. पण 2013 च्या मे महिन्यात नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा रात्री आठ वर्षांचे मूल पंख्याखाली तळमळते. दीडशे वॅटचा कूलर आठ तास चालवायचा तर एकट्याला बाराशे वॅट-तास लागतात, म्हणजे बाकीच्या घराच्या तिप्पट, शिवाय बादल्या बादल्या पाणी. थोरोच्या तक्त्यात मे महिना नव्हता. इथे दोनच प्रामाणिक मार्ग आहेत. पॅनेल-बॅटरी तिप्पट-चौपट करावी, किंवा उन्हाळ्याचे सहा आठवडे मुलाने आजोळी जावे. ‘वाळ्याच्या ताट्या लावू, भागेल’ हे उत्तर त्याच्या वतीने आईने देऊ नये.

म्हणून मी त्या बाईंना पुस्तकांऐवजी आखणीचे चार मुद्दे लिहून दिले. शाळेच्या वाटेपासून घर दूर नको. न्हाणीघर आणि संडास आतून जोडलेले, तिथे एक दिवा रात्रभर. मधल्या खोलीला अर्धी भिंत, जी मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की छतापर्यंत चढवता येईल, आणि त्या बाजूला त्याची स्वतःची खिडकी. चौथा मुद्दा त्यांना पटला नाही, त्यावर आमची चर्चा अजून चालू आहे. बांधतानाच भिंतीत वायरिंगची एक रिकामी नळी रस्त्याच्या बाजूपर्यंत नेऊन ठेवावी, असे मी लिहिले आहे. खर्च फारसा नाही. त्यांचे म्हणणे, मग विजेशिवाय राहण्याला अर्थ काय? माझे म्हणणे, जोडणी न घेण्याचा निर्णय त्यांचा आहे आणि तो त्यांनी पाळावा. नळीत तार घालायची की नाही, हे मुलाने अठराव्या वर्षी ठरवावे.