एमआरआयची संवेदनशीलता जास्त : पण कशाच्या तुलनेत?

गुडघ्याची वाटी आणि तिच्यामागचं मांडीचं हाड यांच्यातल्या सांध्याची झीज ओळखायला एक्स-रे बरा की एमआरआय? या विषयावरच्या पेपरांचा निष्कर्ष बऱ्याचदा एकाच वाक्यात येतो: एमआरआयची संवेदनशीलता जास्त. हे वाक्य आपल्या सिनॉप्सिसमध्ये उतरवण्याआधी दोन गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट, एक्स-रे कोणता काढला होता? एक्स-रेमध्ये हाड दिसतं, कूर्चा दिसत नाही. हाडांमधली फट कमी झाली, कडेला हाड वाढलं, यावरून आपण झीज ताडतो. समोरून काढलेल्या एक्स-रेत वाटीची सावली मांडीच्या हाडावरच पडते, मग ही फट दिसणार कुठून? त्यासाठी बाजूचा किंवा गुडघा वाकवून काढलेला स्कायलाइन व्ह्यू लागतो. केलग्रेन-लॉरेन्सची 1957 सालची 0 ते 4 ही प्रतवारी गुडघ्यासाठी मुख्यतः समोरच्या एक्स-रेवर वापरतात. एखाद्या अभ्यासात तेवढाच एक्स-रे घेऊन वाटीच्या सांध्याबद्दल तुलना केली असेल, तर एक्स-रेची हार आधीच ठरलेली आहे. म्हणून मेथड्स वाचताना आधी व्ह्यू शोधा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: ‘खरा आजार’ कोणी ठरवला? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 100 गुडघे आहेत. एमआरआय 60 गुडघ्यांत झीज दाखवतो, एक्स-रे 30 मध्ये. दोघांचंही ‘झीज आहे’ यावर एकमत 28 गुडघ्यांत. एमआरआयला प्रमाण मानलं तर एक्स-रेची संवेदनशीलता 60 पैकी 28, म्हणजे 47 टक्के. विशिष्टता 40 पैकी 38, म्हणजे 95 टक्के. आता उलटं करा, एक्स-रेला प्रमाण माना. एमआरआयची संवेदनशीलता 93 टक्के होते, पण विशिष्टता 70 पैकी 38, म्हणजे जेमतेम 54 टक्के. गुडघे तेच, आकडे तेच. एक्स-रेने ‘चुकवलेले’ 32 गुडघे आता एमआरआयचे ‘खोटे पॉझिटिव्ह’ झाले! ते 32 लोक खरंच आजारी आहेत का, हे या दोन तपासण्या एकमेकींशी ताडून कळणार नाही.

ही शंका नुसती आकडेमोडीची नाही. 2012 मध्ये बीएमजेत आलेल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात पन्नाशीपुढच्या, एक्स-रेवर झीज नसलेल्या 710 जणांचे एमआरआय पाहिले. 89 टक्के लोकांत काही ना काही बदल सापडला, आणि न दुखणाऱ्या गुडघ्यांतही हे प्रमाण फारसं कमी नव्हतं. तो अभ्यास मांडी आणि नडगीच्या हाडांमधल्या मुख्य सांध्याचा होता, त्यामुळे त्याचे आकडे वाटीला चिकटवू नका. धडा मात्र घ्या: दिसलेला प्रत्येक बदल म्हणजे आजार नव्हे.

मग प्रमाण कशाला मानायचं? आर्थ्रोस्कोपीत कूर्चेचा पृष्ठभाग थेट दिसतो, पण ती होते निवडक रुग्णांवर, त्यामुळे निष्कर्ष सगळ्यांना लागू होत नाही. 2011 मध्ये तज्ज्ञांनी एमआरआयची व्याख्या ठरवली: वाटीच्या सांध्यात हाडाची निश्चित वाढ आणि कूर्चेची झीज, दोन्ही हवं. नुसत्या कूर्चेच्या बदलावर आजार ठरवण्यापेक्षा ही व्याख्या कडक आहे, पण शेवटी तेही तज्ज्ञांचं एकमतच.

म्हणून माझं मत असं, की ‘कोणाला जास्त दिसतं’ हा प्रश्न आता पुरे. ब्रिटनच्या नाइस संस्थेची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की वय 45 किंवा जास्त, हालचालीनं दुखणं, आणि सकाळचा आखडलेपणा नाही किंवा अर्ध्या तासाच्या आत जाणारा, एवढं असेल तर निदानाला सहसा इमेजिंग लागतच नाही. मग आपण विचारायला हवं: महागड्या एमआरआयमुळे कोणत्या रुग्णाचे उपचार बदलले? एमआरआयवरच्या बदलावरून पुढच्या काही वर्षांतलं जिना चढतानाचं दुखणं सांगता येतं का? याला रुग्णांचा पाठपुरावा लागतो, वेळ लागतो. पण उत्तर मिळालं तर ते त्या 32 लोकांच्या उपयोगाचं असेल.