खरखरीसकट

जेरेमी डचरचा 'वोलास्तोकियिक लिंतुवाकोनावा' हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तेव्हा मध्येच हेडफोन काढून तपासला. पियानोच्या मागून खरखर येत होती आणि त्या खरखरीतून एक म्हातारा आवाज गात होता.

ती खरखर मेणाची आहे. 1907च्या सुमारास विल्यम मेकलिंग या मानववंशशास्त्रज्ञाने कॅनडातल्या वोलास्तोक नदीकाठच्या आदिवासींची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतली. कर्ण्यात गायचं, की सुई मेणात खाच पाडत जाते. एका नळकांड्यावर जेमतेम दोन-चार मिनिटं मावतात. पुन्हा वाजवलं की खाच थोडी झिजते. म्हणजे ऐकलं तर पुसट होणार, आणि नाही ऐकलं तर असून नसल्यासारखं.

ही नळकांडी म्युझियममध्ये पडून होती. मॅगी पॉल या समाजातल्या ज्येष्ठ गायिकेने डचरला त्यांच्याबद्दल सांगितलं. ऑपेराचं शिक्षण घेतलेला हा पोरगा कॅनेडियन म्युझियम ऑफ हिस्ट्रीत जाऊन बसला आणि पणजोबांच्या पिढीचे आवाज त्याने ऐकून ऐकून लिहून काढले. त्यातून 2018मध्ये अल्बम आला आणि त्याच वर्षी त्याला पोलारिस पुरस्कार मिळाला. डचर गातो ते वोलास्तोकी भाषेतच. ती सहज बोलणारे आता शंभराच्या आसपास उरलेत, असं तो सांगतो.

अल्बमची खरी ताकद डचरच्या एका निर्णयात आहे. जुना आवाज त्याने घासूनपुसून चकचकीत केला नाही आणि काचेच्या कपाटातही ठेवला नाही. तो त्या आवाजाबरोबर गातो. जुना गायक एक ओळ म्हणतो, डचर ती उचलतो, पुढे नेतो. शंभर वर्षांचं अंतर लपत नाही, कारण खरखर तिथेच असते.

तक्रारही आहे. त्या गायकाचा सूर पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधून घसरत जातो, पियानो त्याला एका पट्टीवर बसवतो. काही ठिकाणी व्हायोलिनं इतकी भरून येतात की आपण हळवं व्हायचं ते आधीच ठरलेलं असतं. मला तिथे फक्त तो म्हातारा हवा होता. पण मग वाटतं, असा 'फक्त तो' मेकलिंगकडे तरी कुठे होता? गाणं तेव्हाही नळकांड्याच्या मापाने कापलं गेलंच होतं. डचर निदान आपलं माप आपल्याला ऐकू देतो.

हे मला जरा उशिराच कळलं. माझ्याकडे आजीची एक व्हॉइस नोट आहे, सव्वा मिनिटाची, जात्यावरची ओवी. ती गेल्यावर मी ती नॉइज काढणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढली. काम चोख झालं. पंखा गेला, कुकरची शिट्टी गेली. आईला ऐकवली, तर ती म्हणाली, "ही कुठे बसून गातेय?"

मूळ फाइल सुदैवाने डिलीट केली नव्हती. या अल्बमनंतर ती पुन्हा लावली. शिट्टी होते, आजी ओवी अर्धी सोडते, आणि मागून आईचा बारीक आवाज येतो, "बंद करते, तुम्ही म्हणा." सॉफ्टवेअरच्या लेखी तोही नॉइजच होता.