‘विश्वासार्ह’ ॲप म्हणजे नक्की काय मोजायचं?

गणपतीत नात्याला गेले होते. नाते म्हणजे महाडहून रायगडाकडे जाताना लागणारं आमचं गाव, सी. डी. देशमुखांचं जन्मगाव. (जेआरएफची वाट बघणाऱ्यांसाठी: हेच देशमुख १९५६ ते १९६१ यूजीसीचे अध्यक्ष होते.) तर आरती आटोपल्यावर चुलतबहिणीने मला परसात नेलं आणि विचारलं, “ताई, तू पीएचडी करतेस ना, मग सांग, डेटिंगसाठी कुठलं ॲप विश्वासार्ह?”

मी तिला उत्तर देऊ शकले नाही. का देऊ शकले नाही, ते या पोस्टमध्ये लिहिते, कारण प्रॉब्लेम स्टेटमेंट लिहिताना आपण सगळे हीच चूक करतो.

तिने मला ‘टॉप टेन सेफ ॲप्स’ छापाचे दोन-तीन लेख दाखवले. त्यांत डाउनलोड, स्टार, निळी टिक आणि ‘लाखो युझर्स’ एवढंच. एकाही लेखात ‘सुरक्षित’ची व्याख्या नाही. शिवाय अशा लेखांतल्या लिंकवरून कोणी नोंदणी केली की लिहिणाऱ्याला बरेचदा कमिशन मिळतं. आपल्या भाषेत बोलायचं तर कन्स्ट्रक्ट ठरलेला नाही, मोजमाप ॲपच्या लोकप्रियतेचं आणि निष्कर्ष मात्र सुरक्षिततेचा. गाईडने असा सिनॉप्सिस त्याच दिवशी परत केला असता.

निळी टिकच घ्या. ती साधारण एवढंच सांगते की फोटोतला चेहरा आणि सेल्फीतला चेहरा एक आहे. माणूस विवाहित आहे का, चिडला की हात उचलतो का, हे तिला ठाऊक नसतं. २०२२ मध्ये उघड झालेलं वसईच्या तरुणीच्या खुनाचं प्रकरण आठवा. आरोपीशी तिची ओळख डेटिंग ॲपवर झाली, हे सगळ्या चॅनेलांनी घोकलं. पण नोव्हेंबर २०२० मध्येच तिने नालासोपाऱ्यात पोलिसांकडे त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार दिली होती, जिवाच्या धमकीची, आणि पुढे ती मागे घेतली गेली. ओळख पटवणारी कुठलीही टिक इथे काय कामाची होती? तो तर स्वतःच्याच नावाने वावरत होता.

उलट टोकाची चूकही होते. टोमा, हॅन्कॉक आणि एलिसन यांचा २००८ चा अभ्यास वाचा. न्यूयॉर्कमधल्या ८० जणांची उंची-वजनं प्रत्यक्ष मोजली, वय ओळखपत्रावरून तपासलं आणि प्रोफाइलशी ताडून पाहिलं. ८१ टक्क्यांनी निदान एका बाबतीत खोटं लिहिलं होतं. हा आकडा ‘ऑनलाइन सगळे खोटारडे’ म्हणून फिरतो. पेपर पुढे वाचला तर कळतं की बहुतेक थापा अगदी किरकोळ होत्या, उंची थोडी जास्त, वजन थोडं कमी. आणि मापं घ्यायला आपणहून येणाऱ्यांत लुबाडणारा कशाला येईल? म्हणजे ज्याची आपल्याला भीती, तो या सॅम्पलमध्ये नाहीच.

लुबाडणाऱ्यांविषयी वाचायचं तर मोनिका व्हिटी यांचं काम बघा. फसलेल्यांच्या मुलाखतींवरून त्यांनी टप्पे मांडले: आदर्श वाटणारं प्रोफाइल, मग महिनोन्‌महिने जिव्हाळा आणि त्यानंतर पैशाची ‘अडचण’. या टप्प्यांची मला किंमत वाटते, कारण त्यांत ॲपचं नाव बदललं तरी काही बिघडत नाही. पैसे मागितले की तिथेच थांबायचं. गेलेच असतील तर लाज न धरता लगेच १९३० ला फोन, कारण उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

आता माझा खरा आक्षेप. सगळीकडे सल्ला असतो की पहिली भेट सार्वजनिक जागी घ्या. हा सल्ला शहरात बसून लिहिलेला आहे. माझी बहीण महाडच्या एसटी स्टँडवर कुणाशी दहा मिनिटं बोलली तर ती घरी पोचण्याआधी बातमी काकाच्या कानावर. मग गावाकडच्या मुली काय करतात? ओळखीचं कोणी भेटणार नाही अशी जागा शोधतात. घाटाकडे, धरणाकडे, कुणाच्या तरी बाईकवर मागे बसून. सल्ल्याच्या मुळाशी एक गृहीतक आहे: चार लोक आसपास असावेत, पण ते अनोळखी असावेत. नात्यात ते गृहीतक टिकत नाही आणि तोच सल्ला मुलीला आडबाजूला ढकलतो. लोकेशनचंही तसंच. २०१४ मध्ये संशोधकांनी दाखवलं होतं की टिंडर जे अंतर पुरवतं, त्यावरून तीन ठिकाणांहून मोजून माणसाची नेमकी जागा काढता येते. ती त्रुटी बुजवली गेली. पण आमच्याकडे तीन ठिकाणं लागतातच कशाला? ‘दोन किलोमीटर’ म्हटलं की दोनच वाड्या उरतात.

२०१६ मध्ये केंद्राने विवाह-संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत ओळखपत्र घ्या असं आहे, आणि हे संकेतस्थळ डेटिंगसाठी नाही असं जाहीर करा असंही आहे. म्हणजे लग्न म्हटलं की कागद बघायचे, आणि नुसतं भेटायचं म्हटलं की ज्याचं त्याने बघावं!

शेवटी बहिणीला मी ॲप सुचवलं नाहीच. तिचा प्रश्न बदलून घेतला: काही बिनसलं तर कुणाला सांगू शकशील? बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, “काकूला. तुझ्या आईला.” मग आईला सांगितलं. आई आधी चिडली, मग तिने त्याचं आडनाव विचारलं, मग गाव.

व्हिडिओ कॉल दोनदा झालाय. भेट येत्या रविवारी माणगावला, सकाळी अकराला, स्टँडसमोरच्या हॉटेलात. ती एसटीने जाणार आणि एसटीनेच परत येणार, लोकेशन माझ्या फोनवर चालू. आई त्याच दिवशी माणगावच्या बाजारात ‘काहीतरी आणायला’ जाणार आहे. काय आणायचं, ते अजून ठरलेलं नाही.