‘ध’ चा ‘मा’ : एका कौटुंबिक वधाच्या पुराव्याची तपासणी

नारायणराव पेशव्यांचा वध ३० ऑगस्ट १७७३ रोजी, भर दुपारी, पुण्याच्या शनिवारवाड्यात झाला. घटना सर्वपरिचित आहे. आणि तिचा निकालही लोकांनी केव्हाच लावून टाकलेला आहे. राघोबादादांनी पुतण्यास ‘धरावे’ असे लिहून दिले, आनंदीबाईंनी ‘ध’ चा ‘मा’ केला आणि गारद्यांनी अठरा वर्षांच्या पेशव्यास ठार मारले, असा तो निकाल आहे. तो केवळ पाठ्यपुस्तकांत राहिला नाही, भाषेत मुरला. धर्माबाद हे तेलंगणाच्या सीमेवरील गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि पुण्याच्या दरबाराशी त्याचा नित्याचा संबंध नव्हता. तरी तेथेही एखाद्या कागदातील शब्द फिरविला गेला की ‘ध चा मा केला’ असेच म्हटले जाते. वाक्प्रचार वापरणारा प्रत्येक जण नकळत एका स्त्रीविरुद्ध दिलेल्या निवाड्यावर सही करीत असतो. त्या निवाड्यास आधार कोणता आणि तो किती भार सहन करू शकतो, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम निर्विवाद गोष्टी वेगळ्या काढू. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे निवर्तले व त्यांचे धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, हे गादीची आकांक्षा बाळगून होते आणि वधाच्या वेळी शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. गारद्यांचा पगार तुंबलेला होता. सुमेरसिंग, खरकसिंग व महंमद इसफ हे त्यांचे म्होरके होते आणि राघोबादादांचा खिजमतगार तुळाजी पवार त्यांच्यासमवेत होता. नारायणराव जिवाच्या आकांताने चुलत्याकडे धावले व त्यांना बिलगले. त्यांना वाचविताना चाफाजी टिळेकर हा सेवकही मारला गेला. त्यानंतर सत्ता राघोबादादांच्या हाती आली. त्यांनी पेशवाईची वस्त्रे मिळविली आणि निजामअलीवर मोहीम काढून ते बीदरच्या रोखाने निघाले. त्यांच्या पाठीमागे बारभाईंचे कारस्थान उभे राहिले. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांना १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर पुत्र झाला, तेव्हा राघोबादादांचा हक्क उरला नाही.

या सर्व गोष्टी परिस्थितीच्या आहेत. प्रत्यक्ष वार कोणी केले याविषयी वाद नाही. वाद आहे तो वार करणाऱ्यांच्या मागे कोण होते आणि त्याच्या मनात नेमके काय होते याविषयी. अशा प्रश्नाचे उत्तर बहुधा परिस्थितीजन्य पुराव्यावरूनच द्यावे लागते. म्हणून त्या पुराव्याचे माप कोणते, हे आधी ठरविले पाहिजे.

हे माप आपल्या न्यायालयांनी एका कौटुंबिक खटल्यातच सर्वांत स्पष्ट शब्दांत मांडले आहे, आणि त्या खटल्याचा एक धागा मराठवाड्यात आहे. बीडकडील एक नवविवाहिता जून १९८२ मध्ये पुण्यात पतीच्या घरी विषाने मरण पावली. विवाहास चार महिनेच झाले होते. सत्र न्यायालयाने पतीस फाशीची शिक्षा दिली व उच्च न्यायालयाने ती कायम केली. १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र ‘शरद बिरदीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात त्यास निर्दोष ठरविले, कारण खून व आत्महत्या या दोन्ही शक्यता उरत होत्या. परिस्थितीजन्य पुराव्याचे ‘पंचशील’ म्हणून जे ओळखले जाते ते या निकालातील. ज्या परिस्थितीवरून अनुमान काढावयाचे ती स्वतः पूर्णपणे सिद्ध झालेली असली पाहिजे. ती केवळ आरोपीच्या दोषाशीच जुळली पाहिजे. तिचे स्वरूप निर्णायक असले पाहिजे. दोषाखेरीज अन्य प्रत्येक संभाव्य उपपत्ती तिने दूर सारली पाहिजे. आणि दुव्यांची साखळी अखंड असली पाहिजे. त्याच निकालात आणखी एक मोलाची गोष्ट सांगितली आहे : आरोपीचा बचाव खोटा ठरला म्हणून साखळीतील तुटलेला दुवा आपोआप सांधला जात नाही.

इतिहासकाराने न्यायाधीशाचे माप का स्वीकारावे, असा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. इतिहासाला कोणास फासावर चढवावयाचे नसते. अधिक संभाव्य काय एवढे सांगून त्याला थांबता येते. तथापि, इतिहासकारालाही दोन गोष्टी टाळता येत नाहीत. ज्या तथ्यावर अनुमान उभारावयाचे ते तथ्य आधी सिद्ध असले पाहिजे, आणि ‘असू शकेल’ व ‘असलेच पाहिजे’ यांतील अंतर वाचकास स्पष्ट दिसले पाहिजे. एवढे माप घेऊन आपण तीन आरोपांकडे वेगवेगळे पाहू : राघोबादादा कटात होते, त्यांचा हेतू वधाचा होता, आणि आनंदीबाईंनी कागद फिरविला.

पहिल्या आरोपाची साखळी बळकट आहे. हेतू होता, सुटकेची निकड होती, गारद्यांना वाड्यात मोकळीक होती आणि त्यांच्यात राघोबादादांचा स्वतःचा माणूस होता. तुळाजी पवाराने नारायणरावांना पाय ओढून चुलत्यापासून सोडविले, असे सांगितले जाते. वधानंतर राघोबादादांनी मारेकऱ्यांना शासन केले नाही. गारद्यांनी हे सर्व केवळ पगारासाठी केले असे म्हटले, तर राघोबादादांच्या सेवकाच्या सहभागाचा उलगडा होत नाही. पगाराचे निमित्त आणि राघोबादादांची फूस या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, आणि सर्व परिस्थितीला त्याच उपपत्तीत जागा मिळते.

दुसऱ्या आरोपाशी आल्यावर पाऊल जपून टाकावे लागते. राघोबादादांविरुद्ध सर्वांत जड वाटणारी गोष्ट म्हणजे गळ्यात पडलेल्या पुतण्यास त्यांनी वाचविले नाही. परंतु हा प्रसंग सांगणारा ग्रँट डफ, ज्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला, तोच असेही सांगतो की, राघोबादादांनी प्रारंभी मध्यस्थी केली, पण ‘यास सोडा, नाहीतर तुम्हीही मराल’ अशा आशयाची धमकी सुमेरसिंगाने दिली. हे खरे असेल तर ती निष्क्रियता भीतीचीही असू शकेल. वधाचा लाभ त्यांनाच झाला हेही खरे. पण पेशवा धरला गेला असता, तरी लाभ त्यांचाच होता. म्हणून लाभावरून ‘धरणे’ व ‘मारणे’ यांत निवड करता येत नाही. शिवाय, राघोबादादांविरुद्धचे कथन जतन करणारे बारभाई त्यांचे राजकीय शत्रू होते; हेतू केवळ आरोपीचाच तपासून भागत नाही, साक्षीदाराचाही तपासावा लागतो. तेव्हा वधाचा हेतू संभाव्य आहे, पण सिद्ध नाही, एवढेच म्हणता येते.

आता तिसरा आरोप. तो सिद्ध व्हावयाचा तर पुढील दुवे हवेत : राघोबादादांनी लेखी हुकूम दिला, त्यात मूळ शब्द ‘धरावे’ होता, तो कागद आनंदीबाईंच्या हाती पडला, त्यांनी तो फिरविला, फिरविलेला कागद गारद्यांपर्यंत पोहोचला, आणि तो वाचून त्यांनी वध केला. या सहा दुव्यांपैकी पहिल्या दोहोंचा आधार राघोबादादांनी रामशास्त्र्यांपुढे दिल्याचे सांगितले जाणारे कबुलीवजा उत्तर हा आहे. रामशास्त्र्यांना पुढे मूळ कागद मिळाला व त्यात ‘धरावे’ चे ‘मारावे’ झालेले दिसले, असे ग्रँट डफ म्हणतो. पण फिरविणारा हात आनंदीबाईंचा, हे सांगताना त्याच्यापाशी साक्षीदार नाही, अक्षराची ओळख नाही, आनंदीबाईंपाशी कागद किती वेळ होता याचा मागमूस नाही. असा सर्वत्र समज आहे, एवढाच त्याचा आधार आहे. घटनेनंतर त्रेपन्न वर्षांनी नोंदविलेला सार्वत्रिक समज ही समजाची साक्ष होय, कृतीची नव्हे.

येथे मूळ दस्ताचा प्रश्न येतो. कागदातील शब्द बदलला असे ज्याला म्हणावयाचे आहे, त्याने कागद पुढे ठेवावा, हा पुराव्याचा अगदी प्राथमिक नियम आहे. हुकूम मोडीत असेल तर ‘ध’ चा ‘मा’ करण्यास अक्षराची घडण बदलून शिवाय काना जोडावा लागेल. शाई, दाब, ओळीतील जागा यांवरून तज्ज्ञास काहीतरी सांगता येईल. परंतु तपासावयास कागदच नाही. ज्या कागदाच्या एका अक्षरावर एवढा मोठा निवाडा उभा आहे, तो अभ्यासकांच्या हाती नाही.

मग आनंदीबाईंविरुद्ध उरते काय? त्या महत्त्वाकांक्षी होत्या, राजकारणात लक्ष घालीत, पतीच्या पक्षाचा कारभार पाहत. हे सारे मान्य केले तरी त्यातून सामर्थ्य व इच्छा एवढेच निष्पन्न होते. ज्याला हेतू होता त्याने कृत्य केले, असे धरावयाचे तर आरोपींची यादी फार लांबेल. त्या काळच्या चौकशीत गुंतलेल्यांची संख्या पन्नासाच्या आसपास गेली होती, आणि नारायणरावांवर रुष्ट असलेली मंडळी दरबारात व बाहेर थोडी नव्हती. सखारामबापूंसारख्या मुत्सद्द्यावरही संशय घेतला गेला. या सर्वांना सोडून एकाच व्यक्तीच्या हाती लेखणी देण्यास विशेष कारण हवे, आणि ते कोठेही दाखविलेले नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ही कथा स्वतःच्याच परंपरेत नीट बसत नाही. त्याच परंपरेनुसार राघोबादादांनी रामशास्त्र्यांना सांगितले की, आपण धरण्याचा हुकूम दिला होता, मारण्याचा नव्हे. हे ऐकूनही रामशास्त्र्यांनी त्यांना देहान्त प्रायश्चित्तच सांगितले आणि पुणे सोडून ते वाईजवळच्या खेड्यात जाऊन राहिले. म्हणजे ‘धरावे’ हा शब्द जसाच्या तसा मान्य केला, तरी रामशास्त्र्यांच्या दृष्टीने राघोबादादांचा दोष कमी झाला नाही. या निर्णयामागील तर्क आजच्या कायद्यालाही परका नाही. पगार न मिळालेल्या हत्यारबंद शिपायांना राज्याच्या धन्यावर सोडले, तर त्याचा मृत्यू हा त्या कृत्याचा संभाव्य परिणाम होय. आणि चिथावणी एका कृत्याची असली, तरी तिच्या संभाव्य परिणामाचे उत्तरदायित्व चिथावणाऱ्यावर येते, हे तत्त्व १८६० च्या दंड संहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून अमलात असलेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. सारांश, अक्षर बदलले की नाही, यावर राघोबादादांची जबाबदारी अवलंबूनच नाही.

असे असता लोकमानसाने त्या एका अक्षराला एवढे महत्त्व का दिले? आमच्या मते त्याचे कारण पुराव्यात नसून कथेच्या सोयीत आहे. बाजीरावांचा पुत्र, अटकेपर्यंतच्या मोहिमेचा सेनानी, हा आपल्या पुतण्याचा घातकी होता, ही गोष्ट पचविणे जड होते. बायकोने शब्द फिरविला असे म्हटले की, चुलता दुबळा ठरतो पण खुनी ठरत नाही, आणि घराण्याचा कलंक बाहेरून आलेल्या सुनेच्या पदरात पडतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ ने १९०९ मध्ये आणि प्रभातच्या ‘रामशास्त्री’ या चित्रपटाने १९४४ मध्ये हा विषय लोकांपुढे आणला व आनंदीबाईंची प्रतिमा मनामनांत ठसविली. नाटककारास हा अधिकार आहे. संघर्षाला एक चेहरा दिल्यावाचून नाटक उभे राहत नाही. दोष असलाच तर तो नाटकातील पात्रास इतिहासातील आरोपी समजणाऱ्या वाचकाचा, आणि त्याहून अधिक, हा फरक न दाखविणाऱ्या अभ्यासकाचा आहे.

या विवेचनावरून आनंदीबाई निर्दोष होत्या असे सिद्ध होत नाही, आणि तसा आमचा दावाही नाही. कटाची माहिती त्यांना असणे शक्य आहे. तीच नव्हे, संमतीही शक्य आहे. पण ‘शक्य आहे’ हे इतिहासातील एका अत्यंत विशिष्ट कृतीचे प्रमाण होऊ शकत नाही. १९८४ च्या निकालातील विवाहितेच्या मृत्यूनंतर दोन न्यायालयांना जे निश्चित वाटले, ते तिसऱ्या न्यायालयास दुवे मोजताना निश्चित वाटले नाही. तेथे साक्षी, पत्रे, वैद्यकीय अहवाल, सारे काही समोर होते. येथे तर एक कागदही नाही.

म्हणून तीन आरोपांचे तीन वेगळे निष्कर्ष नोंदविणे युक्त होईल. राघोबादादांचा कटातील सहभाग सिद्ध मानावा. वधाचा हेतू संभाव्य मानावा, आणि तो सिद्ध न झाला तरी वधाची जबाबदारी त्यांच्यावर राहते, हे रामशास्त्र्यांच्या मताप्रमाणेच मान्य करावे. ‘ध’ चा ‘मा’ ही लोककथा मानावी. पेशवे दफ्तरातील व अन्य संग्रहांतील समकालीन पत्रांतून आनंदीबाईंवरील हा विशिष्ट आरोप प्रथम केव्हा व कोणाच्या लेखणीतून उतरला, याचा कालानुक्रमे शोध कोणी घेतला, तर या प्रश्नाचे बरेच काम होईल. मोडी वाचणाऱ्या तरुण अभ्यासकांनी ते हाती घ्यावे. तोवर वाक्प्रचार खुशाल वापरावा. भाषेतून तो काढून टाकण्याचे कारण नाही. इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत मात्र तो पुरावा म्हणून येऊ नये.