‘दोमुस’ : एका संज्ञेची मर्यादा

न्यूयॉर्कच्या पूर्व हार्लेम भागातील इटालियन कॅथलिक वसाहतीचा रॉबर्ट ऑर्सी यांनी लिहिलेला इतिहास १९८५ साली येल विद्यापीठातर्फे प्रसिद्ध झाला. ११५व्या रस्त्यावरील कार्मेलमातेचे देवालय व तिचा जुलैमधील उत्सव हे त्याचे केंद्र. १८८० ते १९५० हा त्याचा कालखंड. या उत्सवाचा उगम धर्मगुरूंकडे नव्हता. सालेर्नो प्रांतातील पोल्ला गावाहून आलेल्यांनी १८८१ साली स्थापिलेल्या परस्परसाहाय्यक मंडळापासून तो निघाला. देवालय उभे राहिल्यावरही इटालियनांची उपासना दीर्घकाळ तळघरातच होई. अनवाणी चालणे, मेणाचे अवयव वाहणे इत्यादी आचारांकडे आयरिश वंशाचे धर्माधिकारी तुच्छतेने पाहत. (मराठी वाचकास येथे ‘नवस’ हा शब्द सहज आठवेल.)

या आचारांचा अर्थ ऑर्सी चर्चच्या शिकवणीत न शोधता घरात शोधतात, हे ग्रंथाचे खरे बळ होय. मातेची घरातील सत्ता आणि तिच्यावर लादलेले दुःख ही दोन्ही मूर्तीपुढे एकाच वेळी प्रकट होतात, हे विवेचन तर विशेष मर्मग्राही आहे.

परंतु या घराला त्यांनी दिलेले ‘दोमुस’ हे नाव लॅटिन आहे. वास्तू व कुटुंब दोन्ही त्यात सामावतात, म्हणून निवड समजण्याजोगी आहे. तथापि पोल्लाची वा सिसिलीची स्त्री आपल्या घराला ‘दोमुस’ म्हणत नव्हती. १९६०नंतरच्या सुधारणांपर्यंत लॅटिन ही वेदीवरील पुरोहिताची भाषा होती. ज्या धर्मजीवनाचे वैशिष्ट्य पुरोहितनिरपेक्षता, त्याचे वर्णन पुरोहिताच्या शब्दाने व्हावे, हा विरोध दुर्लक्षिण्याजोगा नाही.

शिवाय त्या घरात भाषा एक नव्हती. आईची बोली निराळी, मुलांची इंग्रजी निराळी. आणि लिओनार्ड कोव्हेलो यांच्यासारखे शिक्षक जिच्या अध्यापनासाठी झटले ती प्रमाण इटालियन तिसरीच. पिढ्यांमधील ज्या कलहाचे ऑर्सी सूक्ष्म वर्णन करतात, तो या तिन्हींतून चालला असला पाहिजे. एकाच संज्ञेच्या आवरणाखाली तो मूल्यांचा कलह म्हणून दिसतो. शब्दांचा म्हणून दिसत नाही.

१९९२ सालच्या एका लेखात मात्र ऑर्सींनी या घराच्या उंबरठ्याचा विचार केला आहे. शेजारच्या पोर्तो रिकन लोकांना इटालियनांनी दूर ठेवले. हैतीच्या भाविकांना उत्सवात स्थान मिळाले. अतिसाम्याची भीती हे त्यांनी दिलेले कारण. येथे भाषेचा पुरावा त्यांच्याच बाजूने उभा राहतो : स्पॅनिश ही इटालियन बोलींना हैतीच्या क्रिओलपेक्षा कितीतरी जवळची, आणि दार मिटले ते स्पॅनिशभाषकांसाठीच.