पाऊण युनिटाची बॅटरी आणि आंबेनळीचा उतार

महाबळेश्वर सोडून पोलादपूरकडे निघालं की आंबेनळी घाट लागतो. सुमारे १,३५० मीटर उंचीवरचा रस्ता चाळीसेक किलोमीटरांत सावित्रीच्या खोऱ्यात येतो. म्हणजे जवळपास बाराशे मीटर खाली. हायब्रिड गाडीची रचना सपाट रस्त्यावर समजते. तिचं सौंदर्य मात्र अशा उतारावर उलगडतं.

ही रचना बाजारात आली ती जपानमध्ये. ताकेशी उचियामादा यांच्या नेतृत्वाखाली टोयोटाने घडवलेली प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये विक्रीला आली. इंजिन, जनरेटर आणि चाकांशी जोडलेली मोटर हे तिघे एका प्लॅनेटरी गिअरने एकत्र बांधायचे, ही तिची मूळ कल्पना. भारतात २०२२ साली आलेल्या हायरायडर आणि ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिड आवृत्त्या याच घराण्यातल्या.

घाट सुरू होतो, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला जातो आणि भूमिकांची अदलाबदल होते. इतका वेळ मोटर चाकांना फिरवत होती, आता चाकं मोटरला फिरवू लागतात. मोटर वीज तयार करते, आणि ती वीज काढून घेताना पडणारा ताणच गाडीचा वेग आवरतो. गाडी रोखणं आणि वीज कमावणं ही इथे एकच क्रिया आहे. पायाने ब्रेक हलकेच दाबला, तरी बराचसा भार मोटरच उचलते. जोरात दाबला, की तेलाच्या दाबावर चालणारे नेहमीचे ब्रेक मदतीला येतात, आणि गाडी थांबत आली की सगळं काम त्यांच्याकडे जातं. कुणी किती ओढायचं हे संगणक क्षणोक्षणी ठरवत असतो. आत बसलेल्यांना हा सांधा सहसा जाणवतही नाही. ही रचनेतली पहिली सुंदर जागा.

दुसरी जागा दिसायला थोडा हिशेब मांडावा लागतो. माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन सोळाशे किलो मानू. बाराशे मीटर खाली येताना तिच्याकडून सुमारे ५.२ युनिट ऊर्जा मोकळी होते. टायरांचं घर्षण आणि हवेचा विरोध यांत दोनेक युनिट जातात. उरलेली तीन युनिटं कुणीतरी अडवायलाच हवीत, नाहीतर गाडी वळणावर हाताबाहेर जाईल. आणि हायरायडरची बॅटरी आहे ०.७६ युनिटाची, जेमतेम पाऊण! तीही आयुष्य टिकावं म्हणून पूर्ण भरू दिली जात नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ दिली जात नाही. पागोळीखाली ठेवलेली घागर भरावी तशी ती घाटाच्या पहिल्या काही किलोमीटरांतच भरते.

मग बॅटरी मोठी का नाही? कारण ती बेतली आहे शहरातल्या थांबण्यासाठी. ताशी ६० किलोमीटरने धावणारी हीच गाडी सिग्नलला थांबवायची, तर तिच्या गतीत जेमतेम ०.०६ युनिट ऊर्जा असते. रोजच्या अशा थांबण्यांना पाऊण युनिट भरपूर झालं. वर्षातून दोनदा लागणाऱ्या घाटासाठी बॅटरीचं ओझं आणि किंमत रोज का वाहायची, हा त्यामागचा विचार. गरजेपुरतंच घेण्याचा हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

पण बॅटरी भरल्यावर उतार थोडाच संपतो? इथे अनेक चालक दचकतात. ॲक्सिलरेटरला पाय लागलेला नसताना इंजिन अचानक घोंगावू लागतं. गाडी बिघडली, पेट्रोल उगाच जळतंय, असं वाटतं. खरं तर त्या वेळी इंजिनात पेट्रोल जातच नाही. मोटर बनवत असलेली वीज ठेवायला जागा उरलेली नसते, म्हणून ती जनरेटरला दिली जाते आणि जनरेटर इंजिनाला नुसतं फिरवतो. सिलिंडरमध्ये हवा ओढण्यात आणि दाबण्यात ती ऊर्जा खर्ची पडते. साठवता येत नाही ते सुरक्षितपणे उधळून टाकायचं काम त्या आवाजात चाललेलं असतं. डिस्क आणि पॅड यामुळे थंड राहतात, आणि खालच्या अवघड वळणावर पाय दाबला की ब्रेक पूर्ण ताकदीने लागतात. या रचनेतली सर्वांत देखणी जागा मला तीच वाटते.

ही जागा ओळखता आली की चालवण्याची रीतही बदलते. उतार लांब आणि तीव्र असेल तर गिअरचा लिव्हर ‘बी’वर घ्यावा; इंजिनाची ओढ आधीपासून मिळते. सौम्य उतारावर मात्र नेहमीचा ‘डी’च बरा, कारण ‘बी’मध्ये साठवता आली असती अशी थोडी वीज इंजिन फिरवण्यात जाते. ‘एन’, म्हणजे न्यूट्रल, उतारावर कधीच नको. त्यात मोटरची ओढही जाते आणि बॅटरी भरणंही थांबतं. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे जुन्या चालकांचं शहाणपण इथे वेगळ्या रूपात भेटतं.

चढताना जाळलेलं सगळं पेट्रोल उतरताना परत मिळेल, अशी अपेक्षा घेऊन हायब्रिडकडे पाहिलं तर निराशाच येईल. मिळेल तेवढं जपणं आणि न पेलणारं वेळेवर सोडून देणं, या दोन्ही गोष्टी ज्या रचनेला सारख्याच नेटकेपणाने जमतात, तिला मी उत्तम रचना म्हणतो.