पिवळा चेहरा आणि आपला चेहरा

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत रेल्वे स्थानकाजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, आंदोलन, दगडफेक आणि पाठोपाठ धरपकड झाली. १५ डिसेंबरला कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाल्याची बातमी आली. आमच्या शिक्षक-विद्यार्थ्यांच्या फोनवरील गटात ही बातमी पडली आणि तिच्याखाली काही मिनिटांत पिवळ्या रडक्या चेहऱ्यांची रांग लागली. मधूनमधून जोडलेले हात होते. मीही एक रडका चेहरा पाठवला, कारण शब्द सुचत नव्हते. त्या रात्री पूर्णा तालुक्यातील माझ्या एका विद्यार्थिनीने मला स्वतंत्रपणे लिहिले, "सर, हे कोणाचं तोंड आहे? आपलं तर नाही."

पुढच्या काही महिन्यांत या मुलीने हाताने चित्रे काढून आपल्या गटासाठी वीस हलती भावचिन्हे तयार केली. आज ती जिल्ह्यातील अनेकांच्या फोनमध्ये आहेत. त्यांची समीक्षा करण्यासाठी हा लेख आहे.

काही मित्र म्हणतील, समीक्षा कविता-कादंबरीची करावी, असल्या खेळण्यांची कशाला? हा आक्षेप मला ओळखीचा वाटतो. आपल्या लेखकांनी वस्तीची भाषा कागदावर आणली तेव्हाही, हे साहित्य कसे, असे विचारले गेले होते. आज आपला कार्यकर्ता महिन्याकाठी एखादी कविता वाचतो की नाही हे सांगता येत नाही, परंतु दिवसाकाठी वीस-पंचवीस भावचिन्हे तो नक्की पाठवतो. त्याचा राग, लाज, शोक आणि आनंद ज्या आकारात रोज व्यक्त होतो, तो आकार कोणी घडवला हा प्रश्न समीक्षेचाच आहे.

तेव्हा आधी या चिन्हांची जन्मकथा पाहू. १९८२ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन यांनी विरामचिन्हांचा आडवा हसरा चेहरा सुचवला. त्यामागचे कारण व्यावहारिक होते. संगणकावरील मजकुरात थट्टा कोणती आणि गंभीर बोलणे कोणते हे वाचणाऱ्याला कळत नव्हते. १९९९ साली जपानमध्ये शिगेताका कुरिता यांनी एका दूरध्वनी कंपनीसाठी १७६ चिन्हे केली. प्रत्येक चिन्ह फक्त १२ गुणिले १२ ठिपक्यांच्या चौकटीत बसवलेले होते. २०१० साली युनिकोड या संस्थेने अशी चिन्हे जागतिक लिपीत मोठ्या संख्येने सामावून घेतली आणि ती प्रत्येकाच्या फोनमध्ये शिरली. म्हणजे आपण ज्यांना सहज उमटलेली भावना समजतो, ती एका लिपीतील अक्षरे आहेत. नवे अक्षर हवे असेल तर प्रस्ताव द्यावा लागतो आणि तो समितीने मान्य करावा लागतो.

चेहरा पिवळा का, तर तो कोणाचाच नसावा म्हणून, असे सांगितले जाते. कोणाचाच नसलेला चेहरा ही कल्पना आपल्याला नवी नाही. जात नसलेला माणूस, तटस्थ वाचक, निखळ सौंदर्य ही त्याच घराण्यातली मंडळी आहेत. तटस्थता ज्याला परवडते तोच तिची शिफारस करतो. या पिवळेपणावर जगातून आक्षेप आले आणि २०१५ साली हात आणि माणसांच्या चिन्हांना त्वचेच्या पाच छटा देण्यात आल्या. त्या छटांचा आधार फिट्झपॅट्रिक मापनपट्टी हा आहे. ऊन लागल्यावर कातडी भाजते की काळवंडते हे पाहण्यासाठी त्वचारोगशास्त्राने १९७५ साली ती केली. वर्णाचा प्रश्न निदान रंगाच्या डब्यापर्यंत पोहोचला, ही चांगली गोष्ट आहे. परंतु जात कातडीच्या रंगात नसते. ती हात कसा उचलला जातो, मान किती वाकते, हसताना तोंड झाकले जाते की नाही, यात असते, आणि त्यासाठी कोणतीही पट्टी नाही. २०१९ साली आपल्याकडची चिन्हे आली ती हिंदू मंदिर, पणती, साडी आणि ऑटोरिक्षा. भारत म्हणजे काय, याचे एक उत्तर या चार चित्रांत आहे.

आपल्या लोकांनी तयार चिन्हांना आपला अर्थ दिला, हेही नोंदवले पाहिजे. निळे हृदय जगात कोणत्याही अर्थाने जात असेल, आपल्या गटात ते जयभीमबरोबर जाते. धर्मचक्र आहे, पण ते आठ आऱ्यांचे. तरीही एप्रिल महिन्यात ते अभिमानाने फिरते. मात्र जोडलेल्या हातांचे काय करायचे? हे चिन्ह आभार, प्रार्थना, नमस्कार आणि विनवणी या सगळ्यांसाठी चालते. जोहाराची वाकलेली पाठ आपल्या आजोबांच्या आठवणीत आहे. तिच्या जागी जयभीम आले. हा अभिवादनशब्द रूढ करण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास एल. एन. (१९०४-१९३९) यांना दिले जाते. जोहार घालताना मान खाली जात असे, जयभीम म्हणताना ती वर येते. मग जयभीम लिहून पुढे जोडलेले हात टाकणे म्हणजे शब्द पुढे आणि शरीर मागे, अशी अवस्था होते. या मुलीला नेमके हेच खटकले होते.

आता तिच्या कामाकडे वळतो. फोनवरील हलत्या चिन्हासाठी ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांची चौकट आणि ५०० किलोबाइटची मर्यादा असते. एवढ्यात हालचाल बसवायची तर रेषा मोजक्या आणि रंग थोडे लागतात. ती कोऱ्या कागदांची चळत घेते, खालून दिव्याचा उजेड सोडते आणि आधीच्या चित्रावर पुढचे चित्र केसभर हलवून काढते. सेकंदाला आठ चित्रे धरली तर तीन सेकंदांच्या एका हालचालीला चोवीस चित्रे होतात. मग फोनने त्यांचे फोटो काढून, पार्श्वभूमी पुसून ती एकामागून एक लावायची. तत्त्व जुनेच आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात काड्यापेटीच्या काड्या अशाच पद्धतीने हलवल्या होत्या.

येथे एक सावधगिरीचा इशारा दिला पाहिजे. हाताने काढले म्हणून ते अस्सल, असे मी मानत नाही. थरथरत्या रेषेचे कौतुक करणारा एक शहरी रसिक असतो. त्याला आपल्या हातचे सगळेच गोड वाटते आणि आशयाकडे त्याचे लक्ष जात नाही. हाताने काढण्याचे खरे मोल असे की चोवीस वेळा काढायचे तर चोवीस वेळा पाहावे लागते. माणूस डोळे पुसतो म्हणजे आधी काय करतो, हे तिला आपल्या आजोबांकडे बघून शिकावे लागले.

त्या आजोबांचे चिन्ह मला संचात सर्वश्रेष्ठ वाटते. म्हातारा खांद्यावरची दस्ती काढतो, डोळ्यांना लावतो, खाली घेतो आणि समोर पाहतो. शेवटचे समोर पाहणे सर्वांत जास्त वेळ टिकते. बाजारी रडक्या चेहऱ्याचे अश्रू नळासारखे वाहत राहतात, त्याला थांबणे ठाऊक नसते. येथे शोक संपत नाही, पण शोकानंतर पाहणारा डोळा उरतो. वेदनेपाशी न थांबता तिच्या कारणाकडे वळणे ही आपल्या साहित्याची जी वाटचाल आहे, ती या तीन सेकंदांत आली आहे असे मी म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरे चिन्ह हसणाऱ्या बाईचे. तिचा हात पदराकडे जातो, तोंडाशी येतो, तिथे क्षणभर अडखळतो आणि खाली येतो. मग ती दात दिसेल अशी हसते. मराठवाड्यातील कोणत्याही बाईला हे चिन्ह समजावून सांगावे लागत नाही. तिसरे उसाची मोळी उतरवणाऱ्या मजुराचे. गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतून कोयता घेऊन जाणारी कुटुंबे आपण पाहतो. मोळी खाली पडते, पाठ हळूहळू सरळ होते. 'दमलो' असे सांगायला गटातील मास्तर लोकसुद्धा आता हेच चिन्ह वापरतात. याचा आनंद मानावा की खंत, हे मला ठरवता आलेले नाही. चौथ्या चिन्हात एक चेहरा फक्त पापण्या मिटतो आणि उघडतो. त्याचा अर्थ, वाचले, पण बोलवत नाही. आपल्याकडे मौनाचे चिन्ह नव्हते, ते या मुलीने दिले.

परंतु स्तुतीवर थांबलो तर समीक्षकाचे काम अर्धे राहील. या संचात मला तीन दोष दिसतात.

पहिला दोष विरोधकाच्या चित्राचा. शेंडी, जानवे, सुटलेले पोट आणि गरगर फिरणारे डोळे असा एक माणूस तिने काढला आहे. गटात त्याला पाहून सगळ्यांत जास्त हसू येते. उन्नामती श्याम सुंदर यांचे 'नो लाफिंग मॅटर' हे २०१९ चे पुस्तक आपल्या अभ्यासकांनी पाहावे. १९३२ ते १९४८ या काळात इंग्रजी वृत्तपत्रांनी बाबासाहेबांची जी व्यंगचित्रे छापली ती त्यात एकत्र केली आहेत. ती चित्रे पाहताना युक्तिवादाशी लढण्याऐवजी शरीराची टवाळी कशी केली जाते, हे कळते. तेच हत्यार आपण उचलायचे काय? पोट सुटलेला माणूस कोणत्याही जातीत असतो. जातिव्यवस्था मात्र त्याच्या पोटात नसते, ती त्याच्या सोयीत असते. ती सोय दाखवणारे चित्र काढणे कठीण आहे. पण ते काढलेच पाहिजे.

दुसरा दोष बाबासाहेबांच्या चिन्हाचा. निळा कोट, उंचावलेले बोट आणि होकारार्थी हलणारी मान. लोकांना ते अतिशय आवडते. माझी हरकत रेषेवर नाही, मान हलण्यावर आहे. कोणीही काहीही लिहावे आणि खाली हे चिन्ह टाकावे, म्हणजे बाबासाहेबांनी मान डोलावलीच! एका गटात तर दोन भांडणाऱ्या कार्यकर्त्यांनी एकमेकांविरुद्ध हेच चिन्ह फेकले. ज्या माणसाने आयुष्यभर प्रश्न विचारले, त्याला आपण संमतीचा शिक्का करून टाकतो आहोत. मी हे तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "सर, आईला लिहिता येत नाही. ती सकाळी उठून हेच पाठवते. तिचं जयभीम मी काहून काढू?" यावर माझ्याकडे चोख उत्तर नव्हते. मान स्थिर ठेवून फक्त बोट हलवावे, एवढी तडजोड मी सुचवली. तिने ती अद्याप स्वीकारलेली नाही.

तिसरा दोष मला अधिक गंभीर वाटतो. या वीस चिन्हांतील सर्व माणसे आपल्याच वस्तीतील आहेत. घरे ओळखीची, पदर ओळखीचा, दस्ती ओळखीची. हे स्वाभाविक आहे, कारण मुलीने जे पाहिले तेच काढले. परंतु ज्यांच्या मृत्यूने या संचाला जन्म दिला ते सोमनाथ सूर्यवंशी वडार समाजातील होते. संविधानाच्या प्रतिकृतीसाठी उभ्या राहिलेल्या शहरातील हा तरुण दगड फोडणाऱ्यांच्या समाजातून आला होता. संचात छिन्नी-हातोडा कुठे आहे? हलगी कुठे आहे? पारधी बाई कुठे आहे? पिवळा चेहरा स्वतःला सर्वांचा म्हणवतो आणि आपल्याला त्यात जागा नसते, ही आपली तक्रार आहे. मग आपला निळा चेहरा सर्व बहिष्कृतांचा असल्याचे सांगू लागला, तर हीच तक्रार वडार वस्तीतून आपल्याकडे येईल. तिचे उत्तर आपल्याला द्यावे लागेल.

शेवटी कार्यकर्त्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. चिन्ह पाठवले म्हणजे काम झाले, या समाधानापासून सावध राहा. ज्या घरी माणूस गेला, तिथे जाऊन बसणे हे अजून पायांचेच काम आहे. परंतु जाणे जमत नाही आणि शब्द सुचत नाहीत अशा वेळी उसना चेहरा लावण्यापेक्षा आपला चेहरा असणे बरे. तो घडवण्याची सुरुवात एका मुलीने कागदांच्या चळतीवर केली आहे.

मागच्या आठवड्यात तिने एक नवे चित्र दाखवले, अजून अपुरे. एक बाई हातोडा उचलते आहे. सोळा चित्रे झाली होती, आठ बाकी होती. हातोडा वर जातो तिथवर काम झाले आहे. खाली येताना खांदा कसा पडतो, हे पाहायला ती रविवारी वडार वस्तीत जाणार आहे. मी तिच्याबरोबर जाणार आहे.